प्राचीन इजिप्तची माणसं: नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि जरा ऐसपैस उत्तरं

प्राचीन इजिप्त म्हणजे नेमका कधीचा काळ?

साधारण इ.स.पू. ३१०० च्या आसपास उत्तर आणि दक्षिण इजिप्त एका राजाखाली आले तिथपासून इ.स.पू. ३० मधे क्लिओपात्रा गेली आणि रोमन आले तिथपर्यंत, म्हणजे तीन हजार वर्षं. आपण "इजिप्तमधे असं होतं" असं एका वाक्यात बोलून टाकतो तेव्हा ही तीन हजार वर्षं लक्षात ठेवायला हवीत. क्लिओपात्रा जन्मली तेव्हा गिझाचा मोठा पिरॅमिड अडीच हजार वर्षं जुना झालेला होता, तिच्यासाठीसुद्धा तो प्राचीनच.

"फॅरो" म्हणजे राजा ना?

हो, पण मूळ शब्द "पर-आ", अर्थ "थोरलं घर". आपल्याकडे "वाड्यावरून निरोप आला" म्हटलं की मालकाचा निरोप आला हे कळायचं ना, तसंच, आधी राजवाड्याला म्हणायचे आणि नंतर तोच शब्द राजाला चिकटला.

पिरॅमिड गुलामांना चाबकाने मारून बांधून घेतले ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर द्यायला मला सगळ्यात जास्त आवडतं. नाही. चित्र आपल्या डोक्यात घट्ट बसलंय पण पुरावा वेगळंच सांगतो. गिझाला पिरॅमिडच्या दक्षिणेला कामगारांची अख्खी वसाहत खणून काढलीय, तिथे बेकरी आहेत, झोपायच्या लांबलचक खोल्या आहेत, आणि गुराढोरांची, शेळ्यामेंढ्यांची इतकी हाडं सापडलीत की या लोकांना मांस नियमित मिळत होतं हे स्पष्ट आहे. १९९० मधे एका घोड्याचा पाय तिथल्या एका कच्च्या विटांच्या भिंतीला अडखळला आणि त्यातून कामगारांची दफनभूमी सापडली. राजाच्या पिरॅमिडच्या जवळ स्वतःचं छोटंसं थडगं, आत बिअर आणि भाकरीसाठी भांडी. गुलामाला असं कोण पुरतं? सांगाड्यांमधे पाठीचे मणके झिजलेले आहेत, म्हणजे काम कंबरडं मोडणारं होतं यात शंका नाही, पण मोडलेली हाडं नीट बसवून जुळलेलीही दिसतात, म्हणजे उपचार करणारं कोणीतरी होतं.

यातले काही कायमचे कारागीर आणि बाकीचे गावागावातून पाळीपाळीने आलेले. आपापल्या मर्जीने आलेले असंही नाही, राजाची वेठ होतीच, ते नाकारायचं नाही. पण टोळ्यांची नावं दगडांवर रंगवलेली मिळतात, एक टोळी "खुफूचे मित्र" तर दुसरी "मेनकौरेचे दारुडे" (खुफू म्हणजे गिझाचा मोठा पिरॅमिड बांधून घेणारा राजा, मेनकौरे त्याच्या नंतरचा). आपल्या टोळीला असं नाव देणाऱ्या लोकांच्यात काहीतरी ईर्षा आणि अभिमान असणारच असं मला वाटतं.

पण एवढे मोठे दगड नेले कसे? कोणीतरी बाहेरच्यांनी मदत केली असं म्हणतात...

परग्रहावरून कोणी आलं नव्हतं. मोठ्या पिरॅमिडला अंदाजे २३ लाख दगड लागले, मूळ उंची साधारण १४६ मीटर, पायाची एक बाजू २३० मीटर आणि चारही बाजूंमधे फरक फक्त काही सेंटीमीटरचा. आकडे बघून माणूस चक्रावतो हे मान्य. पण हे पहिल्या झटक्यात जमलेलं नाहीये, आणि लोक हीच गोष्ट विसरतात. आधी सक्कारा इथे जोसर राजासाठी इम्होतेपने पायऱ्यांचा पिरॅमिड केला. मग खुफूचा बाप स्नेफेरू, त्याचा दहशूरचा पिरॅमिड अर्ध्यावर आला आणि उतार फार तीव्र होतोय हे कळलं, म्हणून वरचा भाग कमी उताराचा केला, तो आजही वाकलेलाच उभा आहे. नंतर त्यानेच सरळ बाजूंचा लाल पिरॅमिड बांधला. चुकत चुकत शिकलेले लोक आहेत हे, चुकांसकट सगळं उघड्यावर दिसतंय.

आणि आता तर दगड वाहणाऱ्या मुकादमाची रोजनिशीच मिळालीय! २०१३ मधे तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल जर्फ इथे पपायरसचे, म्हणजे लव्हाळ्यासारख्या झाडापासून केलेल्या कागदाचे, तुकडे सापडले, लिहिलेले पपायरस म्हणून आजवर मिळालेल्यांमधे सगळ्यात जुने. त्यात मेरेर नावाचा माणूस आपल्या टोळीबरोबर तुरा इथल्या खाणीतून चुनखडीचे पांढरे दगड होडीत भरून नाईल आणि कालव्यांमधून गिझाला नेतो त्याची दिवसवार नोंद आहे, आज दगड भरले, आज निघालो, आज मुक्काम अमुक ठिकाणी. खुफूच्या राज्याच्या शेवटच्या वर्षांतली ही गोष्ट. कंटाळवाणी वाटावी इतकी साधी नोंद आहे आणि म्हणूनच मला ती वाचताना भरून येतं, साडेचार हजार वर्षांपूर्वीचा एक माणूस आपलं कामाचं रजिस्टर भरतोय.

साधी माणसं कशी जगत होती ते कळतं का? का सगळं राजांचंच?

कळतं, आणि खरं इजिप्त तिथेच आहे असं माझं ठाम मत आहे. यासाठी एक नाव लक्षात ठेवा, देर अल मदिना. लक्झरला नाईलच्या पश्चिमेला, डोंगराच्या कुशीत एक छोटं गाव. व्हॅली ऑफ किंग्जमधली राजांची थडगी खणणारे, कोरणारे, रंगवणारे कारागीर इथे बायकापोरांसकट राहायचे, जवळपास चारशे वर्षं, पिढ्यानपिढ्या. भिंतीच्या आत सत्तरेक घरं, एकाला एक चिकटून, मधून अरुंद गल्ली. गावात विहीर नाही, पाणी गाढवांवरून वर यायचं. कपडे धुवायला सरकारी धोबी होते आणि कोणाकडून किती कपडे धुवायला गेले याच्या याद्या आहेत.

एवढं कसं कळलं तर या गावात लिहिता येणारे लोक नेहमीपेक्षा खूप जास्त होते. पपायरस महाग, म्हणून चुनखडीची कपची किंवा फुटक्या मडक्याचा तुकडा उचलायचा आणि त्यावर लिहून टाकायचं, उधारी, भांडण, प्रेमाची गाणी, औषध, निरोप, सगळं. आणि मग टाकून द्यायचं. गावाच्या टोकाला पाण्यासाठी खणलेला एक मोठा खड्डा होता, पाणी काही लागलं नाही, लोकांनी त्यात कचरा टाकला, आणि त्याच कचऱ्यात अशा हजारो कपच्या मिळाल्या. राजांचं सोनं चोरांनी नेलं पण या लोकांचा कचरा राहिला, आणि मला विचाराल तर तुतनखामुन राजाच्या साधारण दहा किलोच्या सोन्याच्या मुखवट्यापेक्षा तो कचरा मोलाचा आहे.

त्यांना सुट्टी असायची का?

असायची. त्यांचा आठवडा दहा दिवसांचा, शेवटचे दिवस सुट्टीचे, शिवाय सणवार. कामाच्या दिवसांत ते खाली गावात येत नसत, डोंगरावरच दगडी झोपड्यांत मुक्काम.

आणि रजेचं रजिस्टर आहे! ब्रिटिश म्युझियममधे चुनखडीची एक मोठी कपची आहे, रामसेस दुसरा याच्या राज्याच्या ४० व्या वर्षातली, म्हणजे अंदाजे इ.स.पू. १२४०. दोन्ही बाजूंनी लिहिलीय. चाळीस कामगारांची नावं एकाखाली एक, पुढे गैरहजेरीच्या तारखा काळ्या शाईत आणि प्रत्येक तारखेच्या डोक्यावर बारीक अक्षरात लाल शाईने कारण. सेबाला विंचू चावला. हुयनेफेरचा डोळा दुखतोय. कोणी आजारी, कोणी आईच्या अंत्यविधीला, कोणी देवाला नैवेद्य दाखवायला, एकजण दुसऱ्याला औषध करून द्यायला गेलाय, बरेचजण घरी बिअर गाळतायत, आणि बायकोला किंवा मुलीला पाळी आलीय म्हणून घरी थांबलेलेही आहेत. हे शेवटचं कारण आपल्याकडच्या कुठल्या हजेरीपटावर लिहिलेलं तुम्ही पाहिलंय का? तिथे ते बिनधास्त लिहिलंय.

पगार काय मिळायचा?

नाणी नव्हतीच, पगार धान्यात. साध्या कामगाराला महिन्याला ४ खार गहू आणि दीड खार सातू, एक खार म्हणजे साधारण ७६ लिटर, तर सगळं मिळून चारशे लिटरच्या वर. घरचं खाऊन उरेल एवढं, उरलेलं देवाणघेवाणीला. शिवाय मासे, भाज्या, सरपण, तेल, कपडे. वस्तूंचे भाव तांब्याच्या वजनात धरायचे, त्याला देबेन म्हणायचे, साधारण ९१ ग्रॅमचं. चपलांचा जोड एक-दोन देबेन, गाढव पंचवीस ते चाळीस. प्रत्यक्ष तांबं द्यायचंच असं नाही, गाढवाच्या बदल्यात कापड, टोपली, थोडं तेल असं जमवून हिशोब पूर्ण करायचा.

जगातला पहिला संप इजिप्तमधे झाला हे खरं का?

लेखी नोंद असलेला पहिला संप, असं म्हणूया, आणि तो याच गावातला. रामसेस तिसरा, राज्याचं २९ वं वर्ष, अंदाजे इ.स.पू. ११५७. धान्य थकलेलं. एक दिवस कामगार हत्यारं खाली ठेवून चौक्यांच्या भिंती ओलांडून बाहेर पडले, "आम्ही भुकेले आहोत, महिन्याचे १८ दिवस उलटले" असं म्हणत थुतमोस तिसरा याच्या मंदिरामागे जाऊन बसले. अधिकारी आले, गोड बोलले, मोठमोठी आश्वासनं दिली, हे हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी रामेसियमला, म्हणजे रामसेस दुसरा याच्या मंदिरात गेले, तिथे धान्याची कोठारं होती. त्यांचं म्हणणं जसंच्या तसं लिहून ठेवलंय: आम्ही इथे भुकेने आणि तहानेने आलोय, कापड नाही, तेल नाही, मासे नाहीत, भाजी नाही, आमच्या मालकाला, फॅरोला कळवा, वजीराला कळवा, आम्हाला जगायला द्या.

आणि मागचं थकलेलं धान्य मिळालं! पुढे परत थकलं, परत ते बाहेर पडले, असं बरेच महिने चाललं. हे सगळं अमेननख्त नावाच्या गावच्या लेखनिकाने लिहिलं, तो पपायरस आज इटलीत तुरिनला आहे. राजाला देव मानणाऱ्या समाजातले हे लोक, राजाचंच थडगं खणणारे, आणि त्याच राजाच्या कारभाऱ्यांना तोंडावर सांगतात की पोटाला मिळाल्याशिवाय हात चालणार नाहीत. प्राचीन इजिप्तची कर्तबगारी मोजताना पिरॅमिडबरोबर हेही मोजावं असं मला मनापासून वाटतं.

जेवायचे काय?

भाकरी आणि बिअर, बिअर आणि भाकरी. बिअर घट्टसर, पौष्टिक, लहान मुलांपासून सगळे प्यायचे. जोडीला कांदा, लसूण, मसूर, काकडी, खजूर, अंजीर, सुके मासे. पिठात जात्याची कच आणि वाळवंटातली वाळू यायची, त्यामुळे दात पार झिजलेले, राजांच्या ममींचेही.

बायकांना काही हक्क होते का?

त्या काळाच्या मानाने खूपच. स्वतःच्या नावावर जमीन, खरेदीविक्री, कोर्टात साक्ष, घटस्फोट. सरकारी पदं मात्र बहुतेक पुरुषांकडेच, तिथे समानता वगैरे नव्हती. हॅटशेपसुट स्वतः फॅरो झाली, वीसेक वर्षं राज्य केलं, पुंतच्या देशात जहाजं पाठवून धूप आणि धुपाची झाडं आणली, देर अल बहारीचं तिचं मंदिर तर बघत राहावं असं आहे. नंतर तिचं नाव आणि चित्रं बऱ्याच ठिकाणी छिन्नीने उडवली गेली.

पण राणीपेक्षा मला नौनख्ते सांगायचीय. परत तेच गाव. साधी बाई, म्हातारी झालेली, आठ मुलं. इ.स.पू. ११४५ च्या आसपास ती १४ साक्षीदारांसमोर उभी राहून आपलं मृत्युपत्र सांगते: मी या आठ जणांना वाढवलं, त्यांचे संसार लावून दिले, रीतीप्रमाणे सगळं दिलं, आता मी म्हातारी झाले आणि ते माझ्याकडे बघत नाहीत, ज्याने माझ्या हातात हात दिला त्याला माझं मिळेल, ज्याने नाही दिला त्याला नाही. मग नावानिशी कोणाला काय आणि कोणाला काहीच नाही, आणि एका मुलाला सगळ्यांपेक्षा जास्तीचं एक धातूचं भांडं. वडिलांकडून आणि पहिल्या नवऱ्याकडून आलेलं तिचं स्वतःचं होतं, तिचा निर्णय चालला. हे वाचताना आपल्याच चाळीतल्या एखाद्या आजीचा आवाज ऐकू येतो.

नाईलच्या पुराचं एवढं काय?

सगळंच. पाऊस जवळपास नाहीच, दरवर्षी उन्हाळ्यात नदी चढायची, शेतांवर काळा गाळ सोडून उतरायची. म्हणून देशाचं नावच "केमेत", काळी जमीन. ऋतू तीन, पूर, पेरणी, सुगी, प्रत्येकी चार महिने. महिना ३० दिवसांचा, वर्षाअखेरी पाच जास्तीचे दिवस, झाले ३६५. पूर कमी आला तर दुष्काळ, जास्त आला तर गावं वाहून जायची, म्हणून अस्वानजवळ एलेफंटाइन बेटावर पायऱ्यांवर खुणा करून पाणी मोजायचे. उंचावरच्या बागेला पाणी द्यायला लांब दांड्याच्या एका टोकाला वजन आणि दुसऱ्या टोकाला बादली, कोकणात विहिरीवर लाट असायची ना, तशीच. १९७० मधे अस्वानचं मोठं धरण पूर्ण झालं आणि तो वार्षिक पूर आता येत नाही.

ममी कशी बनवायचे?

सत्तर दिवसांचं काम. मेंदू नाकावाटे काढून टाकायचे, त्याचं त्यांना महत्त्व नव्हतं. पोट डाव्या बाजूला चिरून यकृत, फुफ्फुसं, जठर, आतडी काढून चार बरण्यांमधे. हृदय मात्र आतच, कारण विचार आणि आठवण तिथेच असं ते मानायचे, आणि मेल्यावर तेच तराजूत घालून सत्याच्या पिसाशी तोललं जाणार. मग अंग नॅट्रॉनमधे, म्हणजे वाळवंटातल्या तळ्यांवर मिळणारा खारा सोडा, पुरून सुकवायचं, मग तेल, राळ, आणि शेकडो मीटर कापडाच्या पट्ट्या. गरिबांना हे परवडायचं नाही, त्यांना सरळ वाळूत पुरायचे.

म्हणजे सारखा मरणाचाच विचार?

उलट. थडग्यात रंगवलंय काय तर नांगरट, द्राक्षांची तोडणी, शिकार, मेजवानी, नवराबायको "सेनेत" नावाचा सोंगट्यांचा खेळ खेळतायत. देर अल मदिनाच्या सेन्नेजेमच्या थडग्यात तो आणि त्याची बायको परलोकात शेत कापतायत, तो पुढे विळा घेऊन, ती मागे कणसं गोळा करत, दोघंही ठेवणीतल्या पांढऱ्या कपड्यांत. ज्यांना जगणं इतकं आवडलं की ते संपू नये म्हणून एवढी खटपट केली, अशी ती माणसं.

गणित आणि वैद्यकात काय केलं?

गणितात अपूर्णांक सगळे "एक भागिले अमुक" असेच लिहायचे, अपवाद दोन तृतीयांशाचा. ऱ्हाइंड पपायरसमधे, जो आहमोस नावाच्या लेखनिकाने इ.स.पू. १५५० च्या सुमारास उतरवला, पहिलीच गणितं दहा माणसांत भाकऱ्या वाटण्याची आहेत. सात भाकऱ्या दहा जणांना? उत्तर: प्रत्येकी दोन तृतीयांश आणि वर एक तिसांश. करून बघा, बरोबर येतं. गुणाकार दुपटीने: १२ गुणिले १३ हवंय तर १२, २४, ४८, ९६ अशी दुप्पट करत जायचं, त्यातलं एकपट, चौपट, आठपट उचलून बेरीज करायची, १५६. पाढे पाठ करायची गरजच नाही.

वैद्यकात एडविन स्मिथ पपायरसमधे जखमांच्या ४८ केसेस आहेत, डोक्यापासून खाली क्रमाने. तपासा, निदान सांगा, आणि मग तीनपैकी एक वाक्य: हे मी बरं करीन, याच्याशी मी झुंजेन, किंवा यावर इलाज नाही. जखमेला मध लावायचे. मंत्रतंत्रही भरपूर होते, खासकरून आतल्या दुखण्यांना. पायाचा गेलेला अंगठा लाकूड आणि चामड्याने करून बसवलेलासुद्धा मिळालाय.

ती चित्रलिपी वाचता कशी आली?

शेवटचा ज्ञात चित्रलिपीतला लेख फिलाई बेटावर इ.स. ३९४ मधे कोरला गेला, त्यानंतर ती वाचणारं हळूहळू कोणी राहिलं नाही. १७९९ मधे रोझेटाजवळ नेपोलियनच्या सैनिकांना एक शिळा मिळाली, इ.स.पू. १९६ ची, एकच मजकूर चित्रलिपीत, डेमोटिकमधे म्हणजे रोजच्या वापरातल्या इजिप्शियन लिपीत, आणि ग्रीकमधे. १८२२ मधे शांपोल्योंने कोडं फोडलं, कारण त्याला कॉप्टिक येत होती, म्हणजे जुन्या इजिप्शियन भाषेचंच पुढचं रूप, जी चर्चमधे टिकून राहिली होती. चित्रं दिसली तरी बरीचशी अक्षरं आवाज दाखवतात, हे त्याने ओळखलं.

डोळ्यांना काळं काय लावायचे?

काजळच. बाया, पुरुष, पोरं, सगळे.

आपला त्यांच्याशी काही संबंध आला का?

आला. रामसेस दुसरा याच्या ममीच्या नाकपुड्यांमधे काळे मिरे सापडलेत, इ.स.पू. १२१३ ची गोष्ट, आणि मिरी दक्षिण भारताची. पुढे रोमन काळात तर राबताच होता. इजिप्तच्या बेरेनिके बंदरात भारतीय मिऱ्यांनी भरलेलं मोठं मडकं आणि सागवानी लाकूड मिळालंय. पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्याने समुद्रप्रवासाची माहिती लिहिली, पेरिप्लस म्हणतात तिला, त्यात पैठण, तेर आणि कल्याण ही आपली गावं आहेत. आणि ममी बघायची तर कैरोलाच जायला पाहिजे असं नाही, बडोद्याच्या म्युझियममधे सयाजीराव गायकवाडांच्या काळात आणलेली आहे. जमलंच तर मात्र गिझाचं नवं ग्रँड इजिप्शियन म्युझियम बघाच, नोव्हेंबर २०२५ मधे रीतसर उघडलंय.

ते कारागिरांचं गाव शेवटी कुठे गेलं?

रामसेस अकरावा याच्या काळापर्यंत राज्य खिळखिळं झालं होतं, वाळवंटातून लिबियाच्या टोळ्यांचे हल्ले व्हायला लागले, तेव्हा लोकांनी गाव सोडलं आणि जवळच "मेदिनेत हाबू" नावाच्या मंदिराच्या भक्कम तटबंदीत आसरा घेतला. त्यांच्यातला लेखनिक धुतमोस कामासाठी दूर गेला की मुलाला, बुतेहामुनला पत्रं पाठवायचा, घरच्यांना सांभाळ, पोरांकडे लक्ष दे, खुशाली कळव. बुतेहामुनच्या घराचे खांब मेदिनेत हाबूला अजून उभे आहेत.

या बुतेहामुनची बायको इख्ते गेली. त्यानंतर त्याने एका कपचीवर तिला पत्र लिहिलं, ते आज पॅरिसला लूव्रमधे आहे. पत्र थेट तिला नाही, तिच्या शवपेटीला आहे. तू तिच्या जवळ आहेस, माझं ऐक, तिला माझा निरोप सांग, तिला विचार, कशी आहेस तू.